बाटलीतून जाणारा प्रकाश

दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन परतले. ‘राजा हरिश्चंद्र’ अजून व्हायचा होता, हाताशी भांडवल नव्हतं आणि हे यंत्र काय करू शकतं ते पैसे लावणाऱ्यांना पटवून द्यायचं होतं. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि थोड्या थोड्या वेळाने त्याचं एकेक चित्र घेत राहिले. ती चित्रं पडद्यावर सलग धावली तेव्हा माती दुभंगली, कोंब वर आला, पानं उलगडली, आणि हे सगळं बसल्या बैठकीत. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या छोट्या पटात ना नट होता ना कथा. अति सावकाश असल्यामुळे डोळ्याला न दिसणारी हालचाल त्यांनी वेळ आवळून दाखवली.

फाळके जन्माने त्र्यंबकेश्वरचे. त्यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी पुढे नाशिकलाच उभी राहिली आणि १९४४ मध्ये त्यांचं निधनही नाशिकलाच झालं. ‘अंकुराची वाढ’नंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, डिसेंबर २०११ मध्ये, नाशिकमध्ये जन्मलेल्या रमेश रासकर यांच्या गटाने अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत नेमकं दुसऱ्या टोकाचं काम जगापुढे ठेवलं. फाळक्यांनी वेळ आवळला होता, यांनी तो ताणला. इतका ताणला की जगातली सर्वांत वेगवान गोष्ट, प्रकाश, चालताना दिसू लागला.

ती चित्रफीत प्रत्येकाने एकदा तरी पाहावी. काळोखात एक लिटरची शीतपेयाची बाटली आडवी ठेवली आहे. बुडाकडून प्रकाशाचा एक लहानसा पुंजका आत शिरतो. त्याला पुढचं टोक आहे, मागचं टोक आहे. तो ‘इथे आहे’ आणि ‘तिथे अजून नाही’ असं बोट ठेवून सांगता येतं. तो पुढे सरकत असताना थोडा प्रकाश बाजूंना विखुरतो, म्हणून बाटलीचं पोट आतून उजळत जातं आणि खालच्या टेबलावर उजेडाच्या लाटा पसरतात. पुंजका झाकणापाशी पोचतो, तिथे आपटून बराचसा विखुरतो आणि त्यातला काही भाग उलटा फिरून बुडाकडे परत येतो. आपण रोज दिवा लावतो तेव्हा हेच घडत असतं. फक्त आपल्याला त्यातला शेवट तेवढा दिसतो: खोली उजळलेली.

प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. पापणी लवायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो असं धरलं तर तेवढ्यात प्रकाश पृथ्वीला दोनदा प्रदक्षिणा घालून वर उरतो. हे आकडे ऐकून माणूस थक्क होतो, पण त्यातून काही कळत नाही. म्हणून उलट बाजूने जाऊ. सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश फक्त ३० सेंटिमीटर जातो, शाळेतल्या फुटपट्टीएवढा. नॅनोसेकंदाचे आणखी हजार भाग केले की पिकोसेकंद, आणि तेवढ्यात प्रकाश जातो जेमतेम ०.३ मिलिमीटर. या मापावर आलं की प्रकाश आवाक्यात येतो. रासकरांच्या गटाच्या चित्रफितीत प्रत्येक चित्राचा अवधी दोन पिकोसेकंदांच्या आत आहे, म्हणजे एका चित्राकडून पुढच्या चित्राकडे जाताना प्रकाश सुमारे अर्धा मिलिमीटर सरकतो. हिशेबाने हे सेकंदाला पन्नास हजार कोटींहून अधिक चित्रं झाली. बातम्यांमध्ये तोच आकडा ‘एक लाख कोटी’ असा मोकळ्या हाताने छापला गेला.

बाटली पार करायला प्रकाशाला साधारण एक नॅनोसेकंद लागतो. तो एक हजार कोटी पट ताणला की दहा सेकंदांची चित्रफीत होते. याच गतीने नाशिकहून मुंबईकडे निघालेला प्रकाश दाखवायचा म्हटलं तर? सरळ रेषेत अंतर साधारण १४० किलोमीटर. प्रकाश ते अर्ध्या मिलिसेकंदाच्याही आत कापतो, पण ही चित्रफीत संपायला चोपन्न दिवस लागतील.

वेगवान हालचाल थांबवून दाखवण्याची हौस जुनी आहे. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटतात हे सिद्ध केलं. एमआयटीतच हॅरल्ड एजर्टन यांनी दुधाच्या थेंबाचा मुकुट आणि सफरचंद भेदून निघालेली गोळी टिपली. गोळीचं ते चित्र १९६४ चं. एजर्टन यांची युक्ती अशी की शटरच्या भानगडीत पडायचंच नाही. अंधारात कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेवायचा आणि सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी काळ टिकणारा लखलखाट करायचा. तेवढ्या वेळात गोळी मिलिमीटरभरही हलत नाही, म्हणून चित्र ठसठशीत येतं. परंतु सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात प्रकाश ३०० मीटर पुढे गेलेला असतो. गोळीसाठी पुरेसा असलेला तो लखलखाट प्रकाशासाठी कुचकामी ठरतो.

शटर अधिक जलद करत जाणं हाही उपाय नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत. पहिलं, पिकोसेकंदात उघडून मिटणारा यांत्रिक पडदा अशक्य आहे. साधी इलेक्ट्रॉनिक चिपही सगळं चित्र तेवढ्यात वाचून रिकामी होत नाही. दुसरं कारण अधिक मूलभूत आहे. चित्र उमटायला प्रकाशकण लागतात. एवढ्या सूक्ष्म अवधीत कॅमेऱ्याच्या एखाद्या ठिपक्यावर एक प्रकाशकण पडला तरी नशीब. बहुतेक वेळा तोही पडत नाही. शटर कितीही चपळ केलं तरी हाती येणार तो काळोख.

इथे रासकरांची जडणघडण कामी आली. ते पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयातून अभियंता झाले आणि अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात त्यांनी संगणकशास्त्रात पीएच. डी. केली. मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या संशोधनशाळेत काही वर्षं काढून २००८ मध्ये ते एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये आले. त्यांचा पिंड भिंगं घासणाऱ्याचा नव्हे, गणित मांडणाऱ्याचा. २००६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक कॅमेरा केला होता. चित्र घेताना त्याचं शटर एकदाच उघडण्याऐवजी ठरावीक सांकेतिक क्रमाने फडफडायचं. त्यामुळे धावत्या गाडीचं चित्र पुसट आलं तरी त्या पुसटपणात माहिती शाबूत राहायची आणि संगणक ती मागाहून सोडवून घ्यायचा. म्हणजे कॅमेऱ्याने चित्र काढायचं नाही, चित्राचा पुरावा गोळा करायचा, आणि चित्र गणिताने घडवायचं. मीडिया लॅबमधल्या त्यांच्या गटाचं नाव ‘कॅमेरा कल्चर’. या गटाला मुळात हवा होता तो कोपऱ्यापलीकडचं पाहणारा कॅमेरा. बाटलीची चित्रफीत ही त्या खटाटोपातून निघालेली शाखा आहे. त्या मूळ कोड्याकडे पुढे येऊच.

लागणारं यंत्र एमआयटीतच, रसायनशास्त्रज्ञ मौंगी बावेंडी यांच्याकडे होतं. (बावेंडी यांना पुढे २०२३ मध्ये क्वांटम डॉट्सवरच्या कामासाठी नोबेल मिळालं.) या यंत्राला स्ट्रीक कॅमेरा म्हणतात. अतिसूक्ष्म कण चमकून विझायला किती वेळ घेतात यासारखी मोजमापं करायला रसायनशास्त्रज्ञ तो वापरतात. दृश्यं टिपण्यासाठी तो कुणी वापरत नसे. त्याच्या तोंडाशी एक अरुंद आडवी फट असते. फटीतून आलेला प्रकाश एका संवेदी पडद्यावर आदळतो आणि तिथून इलेक्ट्रॉन सुटतात. प्रकाशकणाला वळवणं अवघड, पण इलेक्ट्रॉनला विजेच्या क्षेत्राने हवं तसं वळवता येतं. नळीत असं एक क्षेत्र विलक्षण वेगाने बदलत ठेवलेलं असतं. आधी आलेला इलेक्ट्रॉन थोडा वळतो, मागून आलेला जास्त, त्याच्याही मागचा त्याहून जास्त. पलीकडच्या चमकणाऱ्या पडद्यावर ते एकाखाली एक उमटतात. म्हणजे पडद्यावरची आडवी दिशा ही जागा आणि उभी दिशा ही वेळ. कोण आधी आला आणि कोण मागाहून, हे घड्याळ न बघता फूटपट्टीने मोजता येतं. वेळेचं अंतरात रूपांतर करणारी ही रचना मला या सगळ्या कथेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

अडचण एवढीच की कॅमेऱ्याला एका वेळी दृश्याची एकच आडवी रेघ दिसते. आणि तीही अंधुक, कारण प्रकाशकणांचा दुष्काळ इथेही आहेच. उपाय काय? तोच प्रसंग पुन्हा घडवायचा. टायटेनियम-सफायर लेझर सेकंदाला सात-आठ कोटी स्पंद सोडतो, प्रत्येक स्पंद फेम्टोसेकंदांत, म्हणजे पिकोसेकंदाच्याही हजाराव्या भागात मोजावा इतका आखूड. प्रत्येक स्पंद आधीच्यासारखाच बाटलीत शिरतो, तसाच विखुरतो, तसाच झाकणावर आपटतो. कॅमेरा त्याच रेघेची असंख्य स्पंदांतली नोंद एकावर एक रचत जातो आणि रेघ उजळ होते. मग आरसा अगदी किंचित फिरवायचा की वरची रेघ दिसू लागते. पुन्हा तेच. नाशिक ढोलाचं एखादं कसलेलं पथक खिडकीच्या दोन फळ्यांमधल्या आडव्या फटीतून बघायचं आहे असं समजा: पहिल्या खेपेला नुसते पाय दिसतात, फट वर सरकवली की कंबर आणि ढोल, मग हात, मग डोकी. पथकाने प्रत्येक खेपेला तोच ठेका, त्याच पावलांनी, ठोक्यालाही न चुकता वाजवला असेल, तर या सगळ्या पट्ट्या एकावर एक लावून पूर्ण मिरवणुकीची चित्रफीत तयार करता येईल. पथक एकदाही चुकता कामा नये, आणि फट किती वर सरकली याची नोंद तंतोतंत हवी. लेझरमधून निघणाऱ्या झोताचा थोडासा अंश बाजूला काढून त्यानेच कॅमेऱ्याला इशारा दिला जातो, म्हणून दोघांचा ताल चुकत नाही.

हे सगळं करायला तेव्हा तासभर लागत असे. नॅनोसेकंदाच्या घटनेसाठी एक तास. प्रयोगशाळेत हा मुख्य भार आंद्रेयास वेल्टन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने वाहिला. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत रासकरांचं नाव ठळक येतं आणि ते यावंच, पण वेल्टन यांचं नाव त्यासोबत यायला हवं.

आता मुद्दा येतो खरेपणाचा. बाटलीतून जाताना दिसणारा तो पुंजका हा कुठलाही एक पुंजका नाही. कोट्यवधी पुंजक्यांच्या नोंदी जुळवून तो उभा केला आहे. मग याला छायाचित्र म्हणायचं का? माझ्या मते निःसंशय म्हणायचं. त्यात कल्पनेने भरलेलं काही नाही, प्रत्येक ठिपका मोजलेला आहे. पण हा खुलासा वाचकाला मिळालाच पाहिजे, कारण त्यातच या तंत्राची मर्यादा दडलेली आहे. फुटणारा फुगा, पेटणारी काडी, पेशीत एकदाच होणारा बदल, यांपैकी काहीही हा कॅमेरा टिपू शकत नाही. जे पुन्हा पुन्हा हुबेहूब घडवता येतं तेवढंच त्याला दिसतं. ‘जगातला सर्वांत वेगवान कॅमेरा’ असं नुसतं म्हणून सोडून दिलं की ही बाब नजरेआड होते आणि त्यामागची चिकाटीही.

प्रकाशाला वाटेत गाठण्याचा हा पहिला प्रयत्नही नव्हता. १९७१ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये मिशेल ड्युगे यांनी दूध मिसळलेल्या पाण्यातून जाणाऱ्या हिरव्या लेझर-स्पंदाचं स्थिरचित्र घेतलं होतं. त्यासाठी लेझरच्याच दुसऱ्या स्पंदाने उघडणारी झडप त्यांनी वापरली. स्वीडनचे निल्स अब्रामसन यांनी त्याच दशकाच्या अखेरीस होलोग्राफीच्या मार्गाने प्रकाशाची लाट सरकताना दाखवली. रासकरांच्या गटाने पुढे नेलं ते असं की नेहमीच्या वस्तूंचं, फळाचं, बाटलीचं दृश्य संगणकाच्या जोरावर पूर्ण चित्रफीत म्हणून समोर आलं. एकाच खेपेत, पुनरावृत्तीविना टिपण्याचं आव्हान संशोधक लिहोंग वांग यांनी पेललं. २०१४ मध्ये त्यांच्या गटाचा कॅमेरा सेकंदाला दहा हजार कोटी चित्रांपर्यंत पोचला आणि २०१८ मध्ये दहा लाख कोटींपर्यंत. एकदाच घडणाऱ्या घटनांसाठी तोच रस्ता आहे.

इतक्या सूक्ष्म वेळात बघू लागलं की एक चमत्कारिक गोष्ट समोर येते. रासकरांच्या गटाने टोमॅटोवर घेतलेल्या चित्रफितीत टेबलावरच्या कापडावर उजेडाच्या लाटा दिसतात. प्रत्यक्षात त्या कॅमेऱ्याच्या दिशेने यायला हव्यात, पण चित्रफितीत त्या लांब जाताना दिसतात. चूक कुठेच नाही. समजा टेबलावर दोन जागा आहेत, एक कॅमेऱ्याजवळ, दुसरी तिच्या मागे ३० सेंटिमीटरवर. प्रकाश तिरका वरून येत असल्याने मागची जागा आधी उजळते आणि जवळची त्यानंतर अर्ध्या नॅनोसेकंदाने. पण मागच्या जागेवरून निघालेल्या प्रकाशाला कॅमेऱ्यापर्यंत यायला एक नॅनोसेकंद जास्त लागतो. म्हणून नंतर उजळलेली जवळची जागा कॅमेऱ्याला आधी दिसते. घडण्याचा क्रम एक आणि दिसण्याचा दुसरा. प्रत्येक ठिपक्याचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर मोजून, तेवढा वेळ वजा करून, संगणक हा क्रम सरळ करतो. दूरच्या ताऱ्याचा प्रकाश जुना असतो हे आपण पुस्तकात वाचतो. तोच नियम टेबलावरच्या फूटभर कापडाला लागू होताना दिसतो तेव्हा तो खऱ्या अर्थाने समजतो.

त्याच टोमॅटोकडे आणखी निरखून बघण्यासारखं आहे. प्रकाशाची लाट त्याच्यावरून निघून जाते, तरी टोमॅटो लगेच विझत नाही. आतून तेवत राहतो. काही प्रकाश सालीवरून परततो, पण बराचसा आत शिरतो, गरातल्या पेशींवर आपटत, वाट बदलत फिरतो आणि मग बाहेर पडतो. जो प्रकाश उशिरा बाहेर आला तो आत जास्त भटकला. आता साध्या कॅमेऱ्याला फळ गडद दिसलं तर त्याची दोन कारणं असू शकतात: आतल्या रंगद्रव्याने प्रकाश शोषला, किंवा गराच्या ठेवणीमुळे तो वेगळ्या तऱ्हेने विखुरला. एकूण उजेड मोजून हे दोन वेगळे करता येत नाहीत. पण प्रकाश कुठल्या क्षणी किती बाहेर आला याचा आलेख हाती असेल तर करता येतात, कारण विखुरणं आणि शोषणं त्या आलेखाला निरनिराळा आकार देतात. पिकताना फळातलं हरितद्रव्य कमी होतं आणि गर मऊ पडतो. हे दोन्ही बदल प्रकाशाच्या वेळेत उमटतात. इटलीत मिलानच्या पॉलिटेक्निकमधल्या शास्त्रज्ञांनी सफरचंद, नेक्टरीन यांसारख्या फळांवर या पद्धतीने बरंच काम केलं आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या वाचकाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट लागतात तेव्हा पारख नजरेने आणि बोटांनी होते. द्राक्षाची गोडी बघायची तर मणी चिरडून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवून ब्रिक्स मोजावा लागतो. म्हणजे मोजलेला मणी गेलाच, आणि न मोजलेल्या मण्यांबद्दल अंदाजच. फळाला धक्का न लावता, प्रत्येक मण्याचं आतलं सांगणारं स्वस्त उपकरण बांधावर आलं तर ते कुठल्याही चित्रफितीपेक्षा मोठं काम ठरेल. रासकरांनी २०१२ मधल्या टेडच्या व्याख्यानात टोमॅटो दाखवून हीच शक्यता बोलून दाखवली होती.

आता कोपऱ्याकडे. समजा खोलीचं दार उघडं आहे, आत कुणीतरी आहे, पण आपण बाहेर अशा जागी आहोत की तो माणूस दिसत नाही. दिसते ती फक्त समोरची भिंत. भिंतीवर लेझरचा स्पंद सोडला. तिथून प्रकाश चहूकडे विखुरला, त्यातला थोडा लपलेल्या माणसावर पडला, तिथून पुन्हा विखुरला, त्यातला अगदी थोडा पुन्हा भिंतीवर आला आणि त्यातला नगण्य अंश आपल्या कॅमेऱ्यापर्यंत पोचला. तीन टप्पे खाल्लेला हा प्रकाश साध्या कॅमेऱ्याच्या दृष्टीने निव्वळ धूसर उजेड. भिंत आरसा नाही, म्हणून प्रतिमा पुसलेली. पण स्ट्रीक कॅमेरा सांगतो की तो कधी आला. लेझरपासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून कॅमेऱ्यापर्यंत अंतर किती हे माहीत असतं. ते वजा केलं की उरतो भिंतीवरच्या एका ठिपक्यापासून लपलेल्या वस्तूपर्यंत आणि तिथून भिंतीवरच्या दुसऱ्या ठिपक्यापर्यंतचा प्रवास.

दोन ठरलेल्या बिंदूंपासूनच्या अंतरांची बेरीज कायम ठेवली की लंबवर्तुळ मिळतं, हे भूमितीत शिकलेलं असतं. अवकाशात त्याचा लंबगोल होतो. म्हणजे एका मोजणीने एवढंच कळतं की वस्तू या लंबगोलाच्या पृष्ठभागावर कुठेतरी आहे. लेझर भिंतीवर दुसऱ्या जागी रोखला की दुसरा लंबगोल, मग तिसरा. असे अगणित पृष्ठभाग जिथे एकमेकांना छेदतात, गर्दी करतात, तिथे वस्तू आहे. यात वेळ पंधरा पिकोसेकंदांनी चुकली तर अंतर साडेचार मिलिमीटरनी चुकतं. म्हणून एवढी काटेकोर मोजणी. मार्च २०१२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये वेल्टन, थॉमस विलवाकर, ओत्क्रिस्त गुप्ता, अशोक वीरराघवन, बावेंडी आणि रासकर यांचा निबंध आला. त्यांनी आडोशामागे ठेवलेल्या एका छोट्या मानवाकृती बाहुल्याचा त्रिमितीय आकार अशा तऱ्हेने शोधून काढला होता. आकृती धूसर आहे, तरी डोकं आणि हातपाय ओळखू येतात. ज्या वस्तूला कॅमेऱ्याने एकदाही थेट पाहिलेलं नाही तिचं ते चित्र आहे.

त्यानंतर हे शास्त्र झपाट्याने पसरलं. वेल्टन विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले आणि तिथे त्यांनी याच प्रश्नावर मोठा गट उभा केला. स्टॅनफर्डमध्ये २०१८ मध्ये अशी पद्धत निघाली की लेझर आणि कॅमेरा भिंतीवरच्या एकाच ठिपक्याकडे बघतात. त्यामुळे लंबगोलाचा साधा गोल होतो आणि गणित कित्येक पटींनी हलकं. याच वर्षी रासकरांच्या गटात गाय सताट यांनी धुक्याचा प्रश्न हाती घेतला. कृत्रिम धुक्याने भरलेल्या कक्षात माणसाच्या नजरेला ३६ सेंटिमीटरपर्यंतच दिसत होतं. त्यांच्या यंत्रणेने ५७ सेंटिमीटरवरची वस्तू अंतरासकट ओळखली. धुक्याच्या कणांवरून परतणारे प्रकाशकण कोणत्या वेळी किती येतात याला एक सांख्यिकीय आकार असतो. तो आकार त्या त्या क्षणी ओळखून वजा केला की जे उरतं ते वस्तूवरून आलेलं. पावसाळ्यात कसारा घाटातून रात्री गाडी चालवलेल्या कुणालाही एकवीस सेंटिमीटरची ही कमाई खिजगणतीत धरण्याजोगी वाटणार नाही. पण धुक्याची दाटी रस्त्यावरच्या धुक्यापेक्षा कैक पट जास्त ठेवलेली होती हे लक्षात घ्यायला हवं, आणि तरीही घाटापर्यंतचा पल्ला लांबचा आहे.

लांबचा का, तेही बघू. विखुरलेला प्रकाश अंतराबरोबर फार झपाट्याने क्षीण होतो. कोपऱ्यापलीकडची वस्तू भिंतीपासून दुप्पट अंतरावर गेली की परत येणारा प्रकाश सोळाव्या हिश्श्यावर येतो, तिप्पट अंतरावर एक्याऐंशीव्या. त्यातून दिवसाच्या उजेडाची भेसळ आहेच. आगीत अडकलेल्यांचा शोध, आंधळ्या वळणावर समोरच्या गाडीची चाहूल, एंडोस्कोपच्या टोकाला न दिसणारा आतड्याचा कोपरा, अशा उपयोगांची यादी २०१२ पासून सांगितली जाते. ती खोटी नाही, पण या अंकगणिताशी झुंज दिल्याशिवाय त्यातलं काही हाती येणार नाही.

कॅमेऱ्यांच्या या कामाबरोबरच रासकर २०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या आधीपासून नाशिकला वारंवार येत राहिले. ‘कुंभथॉन’ नावाच्या शिबिरांत स्थानिक विद्यार्थी, डॉक्टर, पालिकेचे लोक आणि एमआयटीची मंडळी एकत्र बसली आणि गर्दी, आरोग्य, निवास अशा प्रश्नांवर उपकरणं जुळवू लागली. नाशिकच्या एका शाळकरी मुलाने त्यातून पावलांच्या दाबावरून माणसं मोजणारी चटई केली आणि ती कुंभात वापरली गेली. गर्दीचा आकडा नजरेने काढता येत नाही, म्हणून तो पायाखालून काढायचा. विचाराची ही ठेवण भिंतीवरच्या उजेडावरून कोपऱ्यापलीकडचा बाहुला शोधणाऱ्यांच्या घराण्यातलीच आहे. २०१६ मध्ये रासकरांना लेमेलसन-एमआयटी हे पाच लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं, ते एका शोधासाठी नव्हे, अशा अनेक कामांसाठी.

दरम्यान स्ट्रीक कॅमेऱ्याचं काम करणारे संवेदक विलक्षण स्वस्त झाले. स्पॅड म्हणजे एकटा प्रकाशकणही ओळखून त्याची वेळ नोंदवणारी चिप. २०१५ मध्ये एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी स्पॅडच्या कॅमेऱ्याने निव्वळ हवेतून जाणारा लेझरचा स्पंद टिपला, आणि त्यासाठी तास नव्हे, मिनिटं पुरली. काही महागड्या फोनमध्येही अंतर मोजायला हेच तंत्र वापरलं जातं. त्याची अगदी साधी आवृत्ती, बोटाच्या नखाएवढ्या फळीवर बसवलेला अंतरमापक, रोबोट बनवणाऱ्या मुलांना काही शे रुपयांत मिळते. तो अदृश्य अवरक्त स्पंद सोडतो, परत आलेले प्रकाशकण मोजतो आणि समोरची भिंत किती लांब ते सांगतो. भिंत एक मीटरवर असेल तर जाऊन यायला लागतात सुमारे ६.७ नॅनोसेकंद. त्याची अचूकता बाटलीतला पुंजका दाखवण्याइतकी नाही, पण प्रकाशाला वेळ लागतो हे तळहातावर मोजून बघायला ती पुरेशी आहे, आणि अकरावीतल्या विद्यार्थ्याला तो आर्डुइनो या छोट्या संगणकीय फळीला जोडून ते रविवारच्या सकाळी करता येतं.